ज्या हिवाळ्यात खरवस आला नाही

तारखा आधी देतो, म्हणजे घटनाक्रम अस्पष्ट असल्याची सबब पुढे कोणाला सांगता येणार नाही. शिक्के मारलेल्या नकलांवर त्या आकड्यांत आहेत. येथे सणांच्या नावांनी देतो, कारण ज्या माणसाविषयी लिहायचे आहे तो वर्ष सणांनीच मोजत असे.

दुधाच्या धंद्यावरचे परवाने सरकारने उठवले, त्याच्या पुढच्या वर्षीचा पोळा: आमच्या पशुसंवर्धन संस्थेच्या आवारात एका वळूला झूल पांघरून, हार घालून ‘सर्वोत्तम’ म्हणून मिरवण्यात आले. जबाबदार, तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक. त्याच वर्षीचा दसरा: त्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या विकण्याचा करार एका खाजगी कंपनीशी झाला. जबाबदार, तेच, आणि त्यांच्या जोडीला विक्री विभागाचे प्रमुख. पुढची भोगी, म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस: हा वळू ताबडतोब थांबवा, असे संस्थेच्याच डॉक्टरांनी लेखी कळवले. कळवूनही तो न थांबवण्यास जबाबदार, वरील दोघे. त्यानंतरचा आषाढ: खोटी माहिती पुरवल्याचा ठपका त्याच डॉक्टरांवर ठेवण्यात आला. जबाबदार, चौकशी अधिकारी. आणि या वर्षीचा गुढीपाडवा: संस्थेच्या नव्या जनुकीय प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले, त्या निमित्ताने स्मरणिका निघाली आणि तिच्यात तोच ठपका पुन्हा छापला गेला. जबाबदार, विद्यमान संचालक.

नावे देत नाही. निवृत्त होईपर्यंत मी त्याच संस्थेच्या विधी शाखेत होतो आणि बदनामीचे कलम कोठे सुरू होते हे मला ठाऊक आहे. पदे पुरेशी आहेत. ती ज्यांनी भूषवली त्यांना स्वतःची ओळख पटायला अडचण पडू नये.

स्मरणिकेत डॉक्टरांचेही नाव नाही. ‘त्या काळच्या एका अधिकाऱ्याच्या खोट्या नोंदींमुळे’ संस्थेने एक वळू चुकीचा निवडला, आता विज्ञानामुळे तसे होणे नाही, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. पण त्या काळी असा अधिकारी एकच होता, त्यामुळे नाव गाळल्याने काही झाकले जात नाही. स्मरणिकेची एक प्रत डॉक्टरांच्या मुलीकडे सौजन्य म्हणून पाठवली गेली. पाठवणाऱ्याने आतले पान वाचले नसावे. ती सिकंदराबादला राहते, तिचे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले. तिने मला फोन केला आणि एवढेच विचारले, “काका, अप्पांनी खोटं लिहिलं होतं का?”

मी नाही म्हणालो. ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

माझा शब्द तिला पुरला नाही हे मला कळले. पुरूही नये. मी तिच्या वडिलांचा मित्र, त्यांच्या बाजूचा साक्षीदार, आणि अशा साक्षीचे वजन किती धरतात हे मी आयुष्यभर पाहिले आहे. उत्तर ज्यांनी छापले त्यांच्याकडूनच यायला हवे. ते मिळावे म्हणून जेवढी पत्रे लिहिता येतात तेवढी लिहून झाली. आता हात दुखतो, आणि राग आहे तिथेच आहे. म्हणून हे या वर्तमानपत्रातून शहरातल्या मराठी वाचकांपुढे ठेवतो.

डॉक्टर दिसायला किरकोळ होते. वैशाखातही गळाबंद कोट घालीत. कोटाच्या एका खिशात बेगम बाजारातले फुटाणे आणि दुसऱ्यात मुलीने लहानपणी शिवलेला, शिवण उसवलेला रुमाल. स्कूटरच्या हँडलला पाण्याची पत्र्याची बाटली लटकलेली असे, तिच्यावर ओले फडके गुंडाळलेले. मूळ घर बीडकडचे, पण आजोबांच्या वेळेपासून हैदराबादेत असल्याने बोलण्यात दखनी इतकी मिसळली होती की पुण्याच्या पाहुण्यांना त्यांचे निम्मे मराठी उर्दू वाटे आणि चारमिनारकडच्या लोकांना त्यांची निम्मी उर्दू मराठी. मी विधी शाखेत कारकुनी करीत असल्यापासून ते मला ‘वकीलसाहेब’ म्हणत. मी वकील नाही हे मी पुष्कळदा सांगितले. “सनद कैको पाहिजे?” ते म्हणत, “भांडता येतं ना? बस.”

त्यांचे काम वळू निवडण्याचे. बाहेरच्या माणसाला हे काम सोपे वाटते: खांद्याने भरलेला, कपाळाने रुंद, चालीने गंभीर असा प्राणी निवडायचा. डॉक्टर वळूकडे बघतच नसत. नवा वळू आवारात आणला की ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांना हे चमत्कारिक वाटे. एकदा कोणी तरी विचारलेच, तेव्हा ते म्हणाले की वळू दूध देत नाही आणि वासरूही जन्माला घालत नाही, मग त्याचे तोंड पाहून काय कळणार? वळू त्याच्या लेकींवरून कळतो. त्या जिथे नांदतात तिथे जाऊन बघावे लागते.

‘नांदतात’ हा शब्द त्यांचाच. वळूच्या मुली, म्हणजे त्याच्या वीर्यापासून झालेल्या गायी, शेकडो घरांत पसरलेल्या असत. काही शहराजवळच्या खेड्यांत, काही थेट गौलीगुड्यातल्या बोळांमध्ये, जिथे बसस्थानकाच्या गोंगाटाला पाठ देऊन जुनी गवळी घरे अजून गायी बाळगून होती. प्रत्येक गायीकडे डॉक्टर स्वतः जात. इतर ठिकाणी दुधाचे लिटर मोजून मुलींची पारख होई. डॉक्टर दूध मोजून झाल्यावर दुसरा प्रश्न विचारीत, आणि त्यांच्या लेखी तोच पहिला होता: व्यायल्यानंतर गाय पुन्हा किती लवकर गाभण राहते? दूध वाढवण्याच्या भरात जगभर गायींचे फळणे मंदावत चालले आहे, हे ते तेव्हा सांगत होते. “दूध बघून वळू घेतला,” ते म्हणत, “तर लेकी दुधाच्या होतील आणि भाकड मरतील.”

गाय माजावर आली की तिला भरवतात. पुन्हा माजावर आली तर ती ‘उलटली’, म्हणजे गर्भ राहिला नाही. दोन महिने उलटली नाही तर ती फळली असे धरून चालतात. हात घालून खात्री करायची तर त्याहून अधिक थांबावे लागते, आणि डॉक्टरांचा उजवा खांदा एका वळूनेच निकामी केल्यामुळे ते काम त्यांच्याने होत नसे. म्हणून मालकाला विचारणे एवढाच मार्ग होता. सगळे शास्त्र त्या एका प्रश्नावर उभे होते: उलटली का?

आता त्यांचा विक्षिप्तपणा. आमच्या जुन्या निजामी मुलखातल्या मराठी घरांत, आणि तेलुगू घरांतही, एक चाल होती. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी जेवत नसे. काही घरांत पाणीही घेत नसत. डॉक्टरांनी ती चाल गायींना लावली होती. वळूच्या लेकीच्या दारात ते सांगत, “मी हिच्या बापाच्या वतीनं आलोय.” घरच्या बाईने चहाचे विचारले की हात जोडून म्हणत, “लेक अजून फळली नाही. कसा घेऊ?” आणि स्कूटरजवळ उभे राहून स्वतःच्या बाटलीतले पाणी पीत, फुटाणे खात. गाय गाभण आहे असे कळले की मात्र ओट्यावर मांडी घालून बसत, दोन कप चहा घेत आणि गायीच्या कपाळाला हात लावून निघत.

लोकांना हे आवडे. डॉक्टर चहा प्यायले ही बातमी बोळात पसरे, जणू घरात डोहाळजेवण झाले. आणि गाय व्यायली की तिच्या पहिल्या चिकाचा खरवस डॉक्टरांच्या कार्यालयात येई. तेलुगू घरांतून ‘जुन्नू’ म्हणून येई, वेलदोडा आणि मिरपूड घातलेला. थंडीच्या दिवसांत आमच्या मजल्यावर पितळी डब्यांची रांग लागे. दुपारी सगळ्या शाखा डॉक्टरांच्या टेबलाभोवती जमत. मधुमेहाचे निमित्त सांगणारे लेखाधिकारीही हळूच एक वडी उचलत.

या चालीचा एक अपवाद मला माहीत आहे. डॉक्टरांच्या मुलीचे लग्न झाले आणि ती सिकंदराबादला गेली. व्याह्यांनी रीतीप्रमाणे विचारायचे म्हणून जेवायचे विचारले, नकाराची त्यांची तयारी होती. डॉक्टर पाटावर बसले आणि भाकरी मागून घेतली. घरी आल्यावर पत्नीने जाब विचारला, गायीला जो नियम तो पोटच्या लेकीला नाही काय. डॉक्टर म्हणाले, “गायीची परीक्षा घ्यायची माझी नोकरी आहे. लेकीची परीक्षा घ्यायला मला कुणी नेमलेलं नाही.” तिला पुढे मूल झाले नाही. डॉक्टर शेवटपर्यंत दर रविवारी तिच्याकडे जेवले, आणि वाढलेले सगळे संपवले.

परवाने उठले तसे संस्थेचे वारे बदलले. कार्यालयात गालिचे आले, ‘शेतकरी’ या शब्दाच्या जागी ‘ग्राहक’ आला. एक कंपनी परदेशी वळूंच्या रंगीत छायाचित्रांची पुस्तिका घेऊन आली. संचालकांनी ती डॉक्टरांपुढे सरकवली आणि एक निवडा म्हणाले. डॉक्टरांनी ती उपडी ठेवली आणि विचारले, “ह्यांच्या लेकी कुठं नांदतात?” कंपनीच्या माणसाने समुद्रापलीकडच्या एका देशाचे नाव घेतले. “फार लांब दिली,” डॉक्टर म्हणाले. “विचारपूस कशी करायची?” बैठक हसली. संचालक हसले नाहीत.

संस्थेलाही आता दाखवायला आपला एक वळू हवा होता. तो पुढच्याच उन्हाळ्यात सापडला. दुधाला त्याच्या मुली उजव्या होत्याच, आणि डॉक्टर घरोघर फिरून आले तेव्हा फळण्यातही सर्वांत पुढे निघाल्या. दारोदार एकच उत्तर: नाही उलटली. डॉक्टर खूश होते. इतका चहा आपण कोणत्याच उन्हाळ्यात प्यायलो नाही, असे त्यांनी मला सांगितले. त्यांच्या आकड्यांवर पोळ्याला वळूची मिरवणूक निघाली. भिंतीवर त्याचे चित्र लागले. डॉक्टर नेहमीप्रमाणे त्याच्याकडे पाठ करून उभे होते, त्याचेही कोणी छायाचित्र काढले आणि ते विनोद म्हणून फलकावर लावले.

हिवाळा आला. कार्तिक गेला, मार्गशीर्ष सरत आला. माघ-फाल्गुनात भरवलेल्या आणि उन्हाळ्यात फळल्या म्हणून नोंदलेल्या गायी एव्हाना व्यायला हव्या होत्या. आमच्या मजल्यावर एखाददुसरा डबा आला, तोही दुसऱ्या वळूच्या लेकींच्या घरचा. लेखाधिकारी दोनदा डॉक्टरांच्या टेबलावरून रिकाम्या हाताने परतले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, यंदा लेकी माहेरला विसरल्या काय?”

डॉक्टरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग माझ्या खोलीत आले. “वकीलसाहेब,” म्हणाले, “उद्या माझ्यासोबत चला. साक्षीला माणूस पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गौलीगुड्यात गेलो, चंद्राबाईकडे; नाव मी बदलले आहे. ही गवळ्याची सून, सासू आणि चार गायी सांभाळून घर चालवणारी. तिची एक गाय त्या वळूची मुलगी होती. चंद्राबाई डॉक्टरांना पाहून दारातच थबकली, डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला.

“चाय टाक, चंद्राबाई,” डॉक्टर म्हणाले.

“साहेब, ती गाय...”

“गायीचं मग बघू. आधी चाय. वकीलसाहेबांना पण.”

त्यांनी गायीकडे पाहिलेही नाही. ओट्यावर बसले, कोटाची बटणे सोडली, जे मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. चहा आला. बशीत ओतून सावकाश प्यायले. संपल्यावर कप उपडा करून बशीवर ठेवला.

“आता सांग,” ते म्हणाले.

चंद्राबाई खाली बसली. “तीन बार उलटली, साहेब. अजून खाली हाय.”

“उन्हाळ्यात?”

“तवा बी उलटलीच होती.” ती पदराशी चाळा करीत राहिली. “तुमी उन्हातनं आले. तोंड सुकलेलं. माझ्या दारात उभं राहून आपल्या बाटलीतलं पानी पीत होते. सासू म्हनली, पाव्हना सुक्या तोंडानं जातोय, कसलं घर गं हे? म्हून म्हनलं, नाही उलटली. मग तुमी बसले. चाय पिले.” मग तिने विचारले, “त्याच्यावर वळू ठरतो व्हय साहेब?”

“हौ,” डॉक्टर म्हणाले. “पण ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी पण नाही.”

आतून सासूचा आवाज आला, की बाजूच्या घरीही तेच झाले, पलीकडच्या गल्लीतही. चंद्रानेच सांगितले होते सगळ्यांना, डॉक्टर सुका जाऊ नये तर काय म्हणायचे ते.

त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस डॉक्टर दारोदार हिंडले. प्रत्येक घरी आधी चहा घेतला, मग प्रश्न विचारला. शहरातच नव्हे, खेड्यांतही हीच गत होती. ज्या मुलखात दारातून पाहुणा कोरड्या घशाने परत जाणे ही नामुष्की, त्या मुलखात डॉक्टरांनी चहाला गायीच्या पोटाची अट घातली होती. लोकांनी अट पुरी केली. संध्याकाळी स्कूटरवरून उतरताना ते म्हणत की पोटात चहाचा हौद झाला आहे, आणि त्यात त्यांना काही विनोद वाटत नसे.

दोन्ही फेऱ्या त्यांनी स्वच्छ शब्दांत मांडल्या. पहिलीतली चूक कशी झाली, ती कोणाची, दुसरीत काय आढळले. वळूच्या मुली दूध देतात पण फळत नाहीत, म्हणून त्याच्या कांड्या थांबवाव्यात, विकलेल्या परत बोलवाव्यात. भोगीच्या दिवशी ते टिपण त्यांनी संचालकांच्या हाती दिले. त्यात दडवलेले काही नव्हते. ते भर बैठकीत वाचले गेले आणि त्या बैठकीला मी हजर होतो.

विक्रीप्रमुखांनी विचारले, “खरवस आला नाही म्हणून वळू बंद करायचा? उद्या फराळ आला नाही तर दिवाळी रद्द करू या का?” सगळे हसले. संचालक म्हणाले की करार झाला आहे, चित्रे गावोगाव लागली आहेत, माघार घेतली तर बाजारात तोंड दाखवता येणार नाही. टिपण नोंद घेऊन दप्तरी लावण्यात आले. कांड्या जात राहिल्या.

उन्हाळा सरता सरता, ज्यांच्या घरी त्या वळूच्या आधीच्या लेकी होत्या त्या शेतकऱ्यांच्या, गायी फळत नाहीत अशा तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा कोणाला तरी दोषी ठरवणे भाग पडले, आणि भोगीच्या टिपणाचा पहिला अर्धा भाग हाताशी होताच. त्यात डॉक्टरांनी स्वतःच लिहिले होते की माझी पहिली फेरी खोटी निघाली. दुसरा अर्धा, ज्यात वळू थांबवा म्हटले होते, तो आरोपपत्राला जोडलाच नाही. आरोपपत्राचा मसुदा माझ्याकडे आला. संपूर्ण टिपण जोडल्याशिवाय ते काढता येणार नाही, असा अभिप्राय लिहून मी तो परत केला. तो दुसऱ्याकडून लिहून घेण्यात आला.

चौकशीत डॉक्टरांचा मदतनीस म्हणून मी हजर होतो. खोलीत पंखा मोठा आवाज करीत होता, म्हणून तो बंद केला आणि सगळे घामाने भिजले. डॉक्टरांचा कोट मात्र बंदच. चौकशी अधिकारी समजूतदार दिसत होते. त्यांनी डॉक्टरांना वाट काढून दिली: खोटी माहिती देणाऱ्या घरांची नावे सांगा. तुमची दिशाभूल झाली असे नोंदवता येईल. त्या घरांची अनुदाने बंद होतील, पण तुमच्यावरचा आरोप हलका होईल.

डॉक्टर म्हणाले, “मला चाय पाजणं कोणत्या कलमाखाली येतं, जनाब?”

“विषय चहाचा नाही.”

“विषय चायचाच आहे. त्या बायांनी सरकारला फसवलं नाही. मला तहानेला जाऊ दिलं नाही. नियम माझा होता, आणि नियमच येडा होता. लिहून घ्या. चाय आधी घेतली असती तर जवाब खरा आला असता.”

“नावं देत नाही म्हणता?”

“नक्को.”

ते वाक्य तसेच लिहून घेण्यात आले, आणि त्याचा अर्थ ‘आरोप मान्य’ असा लावण्यात आला. पुष्कळ निर्णय वाचले, पण एका उत्तराची इतकी निर्लज्ज फिरवाफिरव क्वचितच पाहिली.

त्यांची बदली शहराबाहेरच्या चारा-बियाण्यांच्या गोदामावर झाली. तिथे वळू नव्हते, लेकी नव्हत्या, प्रश्न विचारायला कोणी नव्हते. मी गेलो की ते स्टोव्हवर चहा ठेवीत आणि तो पिऊन होईपर्यंत माझ्याशी कामाचे एक अक्षर बोलत नसत. नंतर कप उपडा करून म्हणत, “बोला.” दाद मागायला आम्ही न्यायाधिकरणात गेलो होतो. तारखा पडत राहिल्या. डॉक्टरांना यायला होईनासे झाले, तेव्हा मी एकटा जाऊन पुढची तारीख आणीत असे. शेवटी अर्जदार हयात नसल्याने अर्ज निकाली निघाला. न्यायात ‘निकाली’ हा शब्द अशा वेळीही वापरतात, त्याला काही इलाज नाही.

चंद्राबाई दहाव्याला आली होती. चिकाचा डबा घेऊन आली आणि तो कोणाला द्यावा हे न कळून दारात उभी राहिली. डॉक्टरांच्या मुलीने तो घेतला आणि तिला आत बसवले.

या पाडव्याला मी उद्घाटनाला गेलो, बोलावणे सर्व निवृत्तांना होते. दारात दिलेली स्मरणिका तिथेच वाचली. नव्या प्रयोगशाळेत काचेच्या दाराआड यंत्रे आहेत. पुण्याहून आलेली एक तरुण शास्त्रज्ञ बाई पाहुण्यांना समजावून सांगत होती. कालवडीच्या शेपटीचे चार केस मुळासकट घेतले की तिच्या रक्तात दूध किती, फळणे किती, हे ती व्यायची वाट न पाहता सांगता येते. जुन्या वळूंच्या शिल्लक कांड्याही तपासल्या आहेत. त्या एका वळूचे रक्त फळण्याच्या बाबतीत वाईट निघाले, असे ती म्हणाली. मी तिला विचारले की यंत्राला हे मुळात कळते कसे?

“काका, यंत्र रक्त वाचतं,” ती म्हणाली. “पण कुठलं रक्त फळतं हे त्याला आधी कोणीतरी खरं सांगावं लागतं. म्हणजे हजारो गायींची खरी माहिती. ती खोटी असली तर यंत्रही खोटंच बोलणार.”

“या वळूच्या लेकींची माहिती कोठून घेतली?”

“आमच्याकडे दोन फेऱ्यांची होती. दुसरी वापरली. तीच भरवशाची आहे.” ती कोणाची फेरी हे तिला ठाऊक नव्हते. तिला दोष देत नाही, तिला कोणी सांगितले नव्हते.

म्हणजे व्यवस्था अशी आहे. डॉक्टरांचे खरे, दुसऱ्या फेरीतले, यंत्राच्या पोटात आहे, आणि त्यावर संस्थेचा गौरव होतो. त्यांचे खोटे ठरलेले, पहिल्या फेरीतले, स्मरणिकेत आहे, आणि त्यापायी त्यांच्या मुलीने मान खाली घालायची आहे. डॉक्टरांनी एका गवळणीचेही नाव दिले नाही. संस्थेने मात्र पानाची जागा भरायला त्यांचे दिले, तेही अशा बेताने की नाव न छापता ओळख पटावी.

मी विद्यमान संचालकांकडे गेलो. डॉक्टरांची रीत आठवून आधी चहा घेतला. हिरवळीवर उभा राहून, साखर जास्त होती तरी, पूर्ण प्यायलो. कप बशीवर उपडा ठेवला आणि विचारले की ते वाक्य कोणी लिहिले. संचालक हसले. म्हणाले, “जुन्या गोष्टी आहेत, साहेब. समोसा घेतला का?” आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

गौलीगुड्यात ही रीत पहिल्याच घरी लागू पडली होती. तिथल्या बाईला चहानंतर खोटे बोलवले नाही. हिरवळीवर ती लागू पडली नाही, म्हणून तोच प्रश्न येथे, सर्वांसमक्ष विचारतो. विद्यमान संचालकांनी पत्राने नको, मला नको, ज्या स्मरणिकेत ठपका छापला तिच्याइतक्याच जाहीर ठिकाणी सांगावे: हा वळू थांबवा असे भोगीच्या दिवशी लेखी कोणी कळवले होते? ते वाचल्यावर कांड्या कोणी चालू ठेवल्या? आणि आज आपले यंत्र कोणाच्या दुसऱ्या फेरीवर चालते आहे? तिन्ही उत्तरे संस्थेच्या दप्तरात आहेत, शोधायला वेळ लागणार नाही. सिकंदराबादला एक बाई वर्तमानपत्र रोज शेवटच्या पानापर्यंत वाचते.

चहा घेऊन झाला आहे, साहेब. आता सांगा.